कुमुदआत्यांची फिरकी

बनारसला दूधविनायकाच्या गल्लीत मी राहायला आलो, त्याच आठवड्यात कुमुदआत्यांनी माझ्यावर पिस्तूल रोखलं.

मी स्कूटरवरून बँकेत निघालो होतो. समोरच्या ओट्यावर सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर खेळाडूंची टोपी आणि हातात जाड नळीचं काळं पिस्तूल. मी करकचून ब्रेक दाबला. बाईंनी पिस्तूल डोळ्यांजवळ नेऊन त्याच्या पाठीवर चमकणारा आकडा वाचला आणि म्हणाल्या, "बावीस! गल्लीत बावीस? आत्ता इथून सांड गेला, तो सहानं गेला. त्याला अक्कल आहे, तुला नाही?"

ते पिस्तूल म्हणजे चेंडूचा वेग मोजायची रडार गन होती, हे मला संध्याकाळी कळलं. कुमुदआत्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शाळेनं त्यांचं मैदान काढून घेतलं नाही आणि त्यांनी मुली सोडल्या नाहीत. अजूनही रोज सकाळी त्या मुलींना सॉफ्टबॉल शिकवतात. 'म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण ना?' असं मी एकदा विचारलं. "धाकटी कुठली! वेगळं घर आहे तिचं," म्हणून उसळल्या. या खेळात चेंडू चांगला टपोरा असतो आणि पिचर तो खांद्यावरून टाकत नाही. हात चक्रासारखा फिरवून कमरेखालून फेकते. गल्लीतले मराठी लोक त्यांना आत्या म्हणतात, बाकीचा मोहल्ला बुआजी. लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ होता, तो बिऱ्हाड हलवून नागपूरला गेला.

आत्यांचं एकच म्हणणं: "अंदाज नको, आकडा सांग." आमच्याकडे आमटी चाखून बायको म्हणाली की मीठ जरासं जास्त पडलंय, तर आत्या विचारणार, "जरासं म्हणजे किती चिमूट?" शेजारच्या सूनबाईंनी पोराला हलकासा बुखार आहे म्हटलं, की या थर्मामीटर घेऊन हजर, आणि ताप उतरेपर्यंत उशाशी मुक्काम. रडार गन आल्यापासून तर सायकली, सांड, पतंगामागे धावणारी पोरं आणि पूजेला उशीर झालेले गुरुजी, सगळ्यांचा वेग मोजून झाला. फक्त गल्लीतून अर्थी निघाली की त्या गन खाली करून हात जोडायच्या. "त्यांना आता कसली घाई," म्हणायच्या.

गन त्यांची नव्हतीच. पुण्यातल्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तीन यंत्रं पाहायला पाठवली होती. त्यातलं एक ठेवून घ्या, बाकीची परत करा, असा निरोप होता. नंदिनी निषाद नावाच्या पिचरची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी जवळ आली होती, तिच्या सरावासाठी हे सगळं चाललं होतं. नंदिनीचे वडील गंगेत नाव चालवतात. लहानपणापासून वल्ही मारून तिचे खांदे असे तयार झालेले, की चेंडू सुटला म्हणजे कॅचर आधी डोळे मिटायची आणि मग झेलायची.

यंत्रांची इंग्रजी माहितीपत्रकं वाचायला आत्यांनी मला पकडलं. "तू बँकवाला. बारीक अक्षरं वाचायची तुम्हाला सवय. चल."

रडार गन सर्वांची लाडकी होती. ती धरून कॅचरच्या बरोबर मागे उभं राहावं लागे. बाजूला सरकलं की आकडा उतरायचा. एकदा मी तिरका उभा राहिलो, तर नंदिनी एकदम मंदावलेली दिसली आणि आत्यांनी तिच्याऐवजी मला मैदानाला चक्कर मारायला लावली.

दुसरं यंत्र म्हणजे फोनचा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावून चेंडूची चाल सावकाश पाहायची सोय. ते चांगलं होतं, पण त्याला लख्ख उजेड हवा. पौष महिन्यातल्या बनारसी कोहऱ्यात, म्हणजे दाट धुक्यात, त्याला चेंडूच काय, नंदिनीही दिसेना. "हे स्थळ परगावचं. आपल्या हवेत टिकायचं नाही," असा निकाल लागला.

तिसरा होता एक चेंडू. दिसायला साधा, पण पोटात यंत्र. फेकला की किती फिरला, कुठल्या अंगानं फिरला ते फोनवर सांगायचा. फक्त त्याला बॅटनं मारायचं नाही, एवढं पथ्य. तो पाहायला आम्ही आत्यांच्या गच्चीवर बसलो होतो. मी फोन जोडला, चेंडू कठड्यावर ठेवला, आणि एका माकडानं तो उचलून थेट पलीकडच्या घराचं छत गाठलं.

मी ओरडलो. आत्या शांतपणे म्हणाल्या, "आकडा सांग."

माकड चेंडू हातात गरगर फिरवून खायला कुठून सुरुवात करावी ते शोधत होतं. फोनवर आकडे चढत होते. मी वाचत गेलो, आत्या मान डोलावत गेल्या. शेवटी आत्यांनी दाखवलेलं केळं पाहून माकडानं चेंडू टाकला. तो दोन मजले खाली चौकात आपटला, तरी फोनवर त्याची हजेरी लागतच होती. "खानदानी आहे," आत्या म्हणाल्या.

पण निवड सोपी नव्हती. नंदिनीला रडार गन हवी होती. तिच्या वडिलांनाही हवी होती; वेगाचा आकडा घाटावर कुणालाही सांगता येतो. मीही म्हणालो, "आत्या, निवड करणारे पहिल्यांदा वेगच विचारणार."

तेवढ्यात मैदानावर एक विचित्र गोष्ट घडू लागली. नंदिनीचा वेग रोज वाढत होता आणि समोरच्या मुली तिला रोज जास्त फटके मारत होत्या. पोरगी रडकुंडीला आली. आत्यांनी गन बाजूला ठेवली आणि तिच्या हातात तो चेंडू दिला. फोनवरच्या आकड्यांवरून उलगडा झाला: वेगाच्या नादात तिचं मनगट वाकडं पडत होतं. चेंडू बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःभोवती फिरत सरळ यायचा. तो पुढे लोळणाऱ्या चाकासारखा फिरायला हवा होता, म्हणजे बॅटपाशी येऊन खाली बुडतो. आत्यांनी तिचं मनगट धरून पुन्हा पुन्हा फिरवून घेतलं. आठवडाभरात तिचा साधा चेंडूही बुडू लागला आणि बॅट हवेत फिरू लागल्या.

"चेंडू ठेवते," आत्यांनी जाहीर केलं. मग मला म्हणाल्या, "आणि त्याचा आकडा फोननं मोठ्यानं बोलला पाहिजे. तशी सोय बघ."

"मोठ्यानं कशाला?"

संध्याकाळी संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी सांगितलं. "वेग मला कानानं कळतो रे. ग्लव्हमध्ये चेंडू बसला की आवाज सांगतो. फिरकी बघावी लागते. आधी मला चेंडूची शिवणसुद्धा दिसायची. आता चेंडूच धूसर झालाय. पोरींना सांगू नकोस. आंधळ्या मास्तरणीकडे कोण शिकेल?"

मी फोनला बोलतं केलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर आत्या ताठ उभ्या, फोन आकडे बोलतोय, सगळं झकास चाललेलं. फक्त प्रत्येक मुलगी चेंडू फेकण्याआधी ओरडत होती, "बुआजी, नंदिनी!" "बुआजी, शबनम!"

आत्या वैतागल्या. "मशीन बोल रही है ना? तुम लोग काहे चिल्ला रही हो?"

नंदिनी चेंडू हातात घेऊन थांबली. "मशीन तो बस आँकड़ा बोलती है, बुआजी. कौन फेंक रहा है, ई थोड़े बताती है."

आत्या आवाजाच्या रोखानं दोन पावलं पुढे आल्या.

"तुम सबको मालूम था?"

"पिछले जाड़े से," नंदिनी खाली बघत म्हणाली. म्हणजे गेल्या हिवाळ्यापासून.

आत्या माझ्याकडे वळल्या आणि मुलींना कळू नये म्हणून मराठीत म्हणाल्या, "यांना समजू नये म्हणून मी किती नाटकं केली!"

"आणि त्यांना समजलंय हे तुम्हाला समजू नये म्हणून त्यांनी," मी म्हणालो.

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "शनिवारी तुला सुट्टी आहे ना? डोळ्याच्या डॉक्टरकडे ने मला."

नंदिनी चाचणीत निवडली गेली ती नंतर. त्या शनिवारी मात्र दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशन केलं की चांगलं दिसेल. भरतीचा कागद भरताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "इनके घर से कौन आया है?"

मी पुढे होणार, तेवढ्यात मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मी वळलो. मैदानावरून थेट आलेला, मातीनं माखलेले बूट घातलेला अख्खा संघ उभा राहिला होता.

खिडकीतल्या बाई बुचकळ्यात पडल्या. "इतने सब?"

आत्यांनी त्या दिशेला तोंड केलं. कोण कोण आलंय ते त्यांना दिसत नव्हतं.

"हाँ," त्या म्हणाल्या, "सब घर के हैं."