आप्पांचा उलटा हातोडा

आमचे शेजारी वाळुंज आप्पा गाडी दुरुस्त करायला बसण्याआधी घोषणा करतात. पँट दोन्ही हातांनी वर ओढतात, घसा खाकरतात आणि गल्लीकडे तोंड करून सांगतात, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मागील डाव्या चाकाचे काम सुरू होत आहे. लहान मुले व कुत्री यांनी गाडीजवळ थांबू नये." त्या वेळी गल्लीत प्रवासी म्हणजे मी एकटा, हातात पेपर घेऊन बसलेला. कुत्रं म्हणजे आप्पांचंच, आणि ते आधीच गाडीखाली झोपलेलं असतं. घोषणा संपते आणि ठण्ण असा आवाज होतो. मग थोडा वेळ शांतता. मग पुन्हा ठण्ण.

आप्पा पारनेरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. नोकरीची सगळी वर्षं काचेच्या खिडकीमागे बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. "चालवली एक न्हाई, दुरुस्त केली एक न्हाई, शिव्या मात्र सगळ्या गाड्यांच्या खाल्ल्या," असं ते स्वतःच सांगतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, फिक्या निळ्या रंगाची छोटी गाडी घेतली. चालवायला शिकले आणि दुरुस्तही स्वतःच करायची असं ठरवून टाकलं. गॅरेजवाल्यावर त्यांचा विश्वास नाही. "तो म्हनतो संध्याकाळी देतो. कुठल्या संध्याकाळी, ते सांगत न्हाई. आमी निदान फळ्यावर टाइम लिहीत हुतो."

दुरुस्तीची विद्या त्यांनी मोबाईलवरून घेतली. व्हिडिओ कुठल्याही भाषेतला असो, ते आवाज बंद करून बघतात आणि सुरुवातीची बडबड पुढे ढकलतात. असाच एक व्हिडिओ बघताना त्यांना तो हातोडा दिसला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं त्यांच्याकडे भाकरी करायला येणाऱ्या कमलताईंनी सांगितलं.

हा हातोडा म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. त्यावर एक जड गोळा मागेपुढे सरकतो. दांड्याचं एक टोक अडकलेल्या वस्तूला घट्ट बसवायचं आणि गोळा सर्रकन आपल्याकडे ओढायचा. तो मागच्या टोकावर आपटला की दांड्याला हिसका बसतो आणि अडकलेली वस्तू दांड्याबरोबर बाहेर येते. सगळे हातोडे आत ठोकतात, हा बाहेर ठोकतो. गॅरेजवाले त्याला स्लाइड हॅमर म्हणतात. आप्पा नुसतं 'उलटा' म्हणतात, आणि मला, शाळेत शिकवतो म्हणून, 'मास्तर'. "मास्तर, जरा उलटा द्या इकडं."

उलटा कुरिअरने आला तो नेमका शनिवारी. शिंगणापूरचा शनी आमच्याच जिल्ह्यातला. शनिवारी घरात लोखंड आणायचं नाही, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. कुरिअरवाला फाटक उघडून आत आला तसे आप्पा ओटीवरून ओरडले, "थांब! तिथंच थांब! काय हाय त्यात?"

"लोखंड हाय काहीतरी. लई जड हाय. सही करा."

"सही करतो. घेत न्हाई."

"मग ठेवू कुठं?"

"त्या मास्तरांकडं ठेव. ते विज्ञान शिकवत्यात."

मी काही बोलायच्या आत खोकं आमच्या व्हरांड्यात आलं. बायको आतून बाहेर आली, तिने खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे साडेसाती आपल्याला, आणि हातोडा त्यांना?" मी गप्प राहिलो. गप्प राहणं हा माझा जुना स्वभाव, आणि या गोष्टीतला माझा गुन्हाही तोच आहे. त्याच्याकडे येतोच. त्या दिवशी आप्पा सारखे कंपाउंडपाशी येऊन, दवाखान्यात ठेवलेल्या माणसाची चौकशी करावी तसे विचारत होते, "बरा हाय ना?"

पहिले काही दिवस त्यांनी उलट्याने गल्लीतलं जे जे अडकलेलं होतं ते ते बाहेर काढलं. आमच्या कपाटाचा फुगलेला खण काढला. तो आता परत आत जात नाही. कमलताईंच्या स्कूटीला पोचा पडला होता, तोही त्यांनी ओढून काढला. कमलताई वाकून बघत म्हणाल्या, "आप्पा, आधी खड्डा हुता, आता टेंगूळ आलंय की हो."

"मी काय म्हनलो हुतो? बाहेर काढतो म्हनलो हुतो."

"पार बाहेर न्हवतं काढायचं!"

"विलंब चालंल कमल, रद्द न्हाई. पुढल्या आठवड्यात आत घालू." कमलताई ते टेंगूळ अजून मिरवत फिरतात. त्यावर त्यांनी हळदीकुंकू लावलंय, ते आप्पांना चिडवायला.

मग पावसाळा संपताना आप्पांनी स्वतःच्या गाडीचं मागचं डावं चाक काढलं. आवाज करतं म्हणाले. गाडी जॅकवर चढवली, खाली दगड लावले. चाकाच्या आत लोखंडी डब्यासारखा एक भाग असतो, त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक त्याच्या आत असतो. आवाज कशाचा ते बघायचं तर आधी ड्रम निघायला हवा. आप्पांनी त्याला उलटा बसवला आणि गोळा ओढला. ड्रम हलला नाही. दुसऱ्या दिवशी हलला नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी तो हलला नाही. आप्पा रोज सकाळी घोषणा करून बसायचे, घामाघूम व्हायचे आणि गोळा खाली ठेवून म्हणायचे, "विलंब हाय. रद्द न्हाई."

मी शाळेत जायच्या आधी त्यांच्यापाशी बसायचो. रविवारी जरा जास्त वेळ. काकू, म्हणजे आप्पांची बायको, गेल्यापासून त्यांच्या ओटीवर दुसरी खुर्ची निघत नव्हती. ती आता माझ्यासाठी निघायला लागली.

आता सांगतो. आप्पांचा मुलगा संदीप पुण्यात कंपनीत आहे. चाक निघाल्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याचा मला फोन आला. "सर, तुम्ही शेजारी आहात म्हणून सांगतो. आप्पांना काचबिंदू झालाय. कडेचं दिसत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलीय. मी बोललो तर भांडण होतं. तुम्ही एवढं बघा, ती गाडी लवकर सुरू व्हायला नको."

मला धक्का बसला. आप्पा डोळ्यांत थेंब घालताना मी पाहिले होते, पण "धूळ गेली" असं ते म्हणायचे. मी बघतो म्हणालो. काय बघणार होतो ते मला माहीत नव्हतं. पण त्याच आठवड्यात पाणी प्यायचा तांब्या घ्यायला मी गाडीत वाकलो आणि मला दिसलं की हँडब्रेक वर ओढलेला आहे.

ब्रेक ओढलेला असला की आतल्या पट्ट्या ड्रमला आतून दाबून धरतात. ड्रम बाहेर येणारच कसा? मी विज्ञान शिकवतो. एवढं मला कळलं. खात्री करायला मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, आधी हँडब्रेक सोडा. आप्पा पुढे ढकलतात ती हीच बडबड.

मी काही बोललो नाही. सत्तरीचा माणूस रोज माझ्यासमोर गोळा ओढायचा. तळहाताला फोड आले, त्यांनी फडकं बांधलं. खांदा धरला, त्यांनी मलम चोळलं. मी बघत राहिलो. एक वाक्य बोललो असतो तर थांबलं असतं. पण ते बोललो असतो तर गाडी सुरू झाली असती, आणि गाडी रस्त्यावर आली असती तर? असं मनाला सांगत मी लिंबूपाणी नेऊन देत होतो. दर रविवारी संदीपचा फोन यायचा, तेव्हा मी घरात जाऊन हळू आवाजात कळवायचो, "नाही निघाला अजून." तो म्हणायचा, "थँक्यू सर." त्या थँक्यूने मला फार लाज वाटायची. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. ती एकदाच बोलली. "रोज लिंबूपाणी देता, एक वाक्य देता येत नाही?"

गेल्या रविवारी आप्पांनी नेहमीसारखी घोषणा केली, गोळा ओढला आणि खांदा धरून खालीच बसले. चेहरा पांढरा पडला. मी त्यांना उठवून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ते थोडं प्यायले आणि परत उठायला लागले.

"आप्पा, हँडब्रेक वर आहे," मी म्हणालो.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "उभ्या गाडीचा वरच असतो."

"तो वर असला तर ड्रम निघत नाही."

"न्हाई निघत."

मला कळेना. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तर, मी काय बैल हाय का? पहिल्याच मिनिटाला दाखवत्यात की."

"तुम्ही तर सुरुवात बघतच नाही."

"चारदा बघितली." त्यांनी तळहाताचं फडकं सोडलं, परत बांधलं. मग कंट्रोलरचा आवाज बाजूला ठेवून, खालच्या आवाजात बोलायला लागले. "पावसाळ्यात सुप्याकडनं येत हुतो. उजवीकडनं एक बाई आली, डोक्यावर घासाचा भारा. मला दिसलीच न्हाई. आरसा भाऱ्याला घासून गेला तवा कळलं. भारा पडला, ती वाचली. लई शिव्या दिल्या तिनं. शिव्यांचं काय न्हाई, सवय हाय. पन गाडी पुढं घ्यायचं धाडस होईना. तसाच बसून राह्यलो रस्त्याकडंला. घरी आलो अन् दुसऱ्या दिवशी चाक काढलं."

"मग सरळ गाडी विकायची ना. संदीपला सांगायचं."

"काय सांगू? बाप बाद झाला म्हनून? गाडी बिघडलीय म्हनून घरी हाय, एवढं तरी राहू द्या की."

आता मला राहवेना. "आप्पा, मलाही एक सांगायचंय. संदीप मला फोन करतो. मला हँडब्रेकचं कधीच कळलं होतं. त्याच्यासाठी मी गप्प बसलो."

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"फोन घ्यायला तुमी आत जाता, पन खिडकी उघडी ठेवता." ते हसले, आणि खांदा दुखला म्हणून लगेच थांबले. "राग न्हाई. उलट बरं वाटायचं. तुमाला म्हनून सांगतो. चौकशीच्या खिडकीवर मानूस कवा येतो? गाडी लेट असली की. टायमात लागली तर कोन विचारतं? चढत्यात अन् जात्यात. माझी गाडी चालू हुती तवा संदीपचा फोन सणासुदीला. आता दर रविवारी. तुमाला येतो, मला न्हाई. पन चौकशी तर माझीच ना?"

दोघेही ड्रमकडे बघत बसलो. तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. संदीपच होता. सवयीने मी उठलो, घराकडे दोन पावलं टाकली आणि थांबलो. आप्पांसमोरच फोन घेतला.

"सर, काय म्हणतो ड्रम?"

"तूच विचार त्यांना. इथेच आहेत."

आप्पा दोन्ही हात हलवून नको नको करत होते. मी फोन त्यांच्या पुढ्यात धरला. त्यांनी बोटांचं ग्रीस पँटला पुसलं, मग बनियनला पुसलं, आणि फोन घेतला. ज्या आवाजाने सगळा तालुका गाडीला पळवला, त्यातून इतकं बारीक 'हॅलो' निघालं की कुत्र्याने मान वर केली.

"हां... मीच... न्हाई निघाला. गच्च बसलाय... बरा हाय. डोळा बी बरा हाय, थेंब टाकतो की... जेवलो. तू?... सूनबाई?... हां... हां..." आप्पा गाडीभोवती फिरायला लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली. पोराला दात आलेत का, गॅलरीतलं कढीपत्त्याचं झाड जगलं का, ऑफिसला जाताना कानटोपी घालतोस का. मला वाटलं आता मी इथे कशाला, निघावं. तेवढ्यात ते चालता चालता थांबले. फोन छातीशी दाबून मला म्हणाले, "मास्तर, तो विचारतोय काम बंद हाय का, आवाज का न्हाई. ठोका की! नुसतं बघताय काय?"

इतक्या महिन्यांत मी उलट्याला हात लावला नव्हता. वाकलो, दांडा धरला. गोळा वाटला होता त्याहून जड होता. तो माझ्याकडे ओढला.

ठण्ण.

ड्रम जिथल्या तिथे होता.

"ऐकलंस?" आप्पा फोनमध्ये म्हणाले. "तेच चाललंय. एकट्याच्यानं न्हाई व्हायचं आता. दुसरा मानूस पाहिजे." मग पाठ माझ्याकडे केली आणि आवाज अजून खाली आणला. "ये की एकदा बघायला."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आप्पा पाठमोरे, फोन कानाशी घट्ट धरून उभे होते. मी दांडा पुन्हा घट्ट धरला आणि गोळा ओढला, पहिल्यापेक्षा जोरात.