आरोळीचे सर्व हक्क सुरक्षित

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, आमच्या गल्लीत सुरीकात्रीला धार लावणारा गृहस्थ रोज सकाळी आरोळी ठोकून एक गुन्हा करत होता. तो गुन्हा आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हते, ही गोष्ट वेगळी. "धाऽऽर लावायची... सुरीऽ, कात्रीऽऽ... होऽऽ!" असे तो ओरडे आणि लोक सुऱ्या घेऊन खाली उतरत. इतका सरळ धंदा होता.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक संगीतकार राहतात. त्यांना बरेच दिवस चाल सुचत नव्हती. एके सकाळी ती आपणहून खिडकीतून आत आली. संगीतकारांनी तिच्याखाली ढोल घातले, वर एका गायिकेचा उसासा ठेवला, आणि गाणे असे काही गाजले की शाळेचे संमेलन असो की दातांचा दवाखाना, तेच. आमच्या इमारतीत तर प्रत्येकाच्या फोनची रिंग तीच. कंपनीने चाल रीतसर नोंदवून घेतली. "ही मला अंतर्मनातून आली," असे संगीतकार मुलाखतीत म्हणाले. अंतर्मनाची खिडकी रस्त्याकडे उघडते, हे सांगायचे राहून गेले.

मग धारवाल्याला नोटीस आली. कंपनीच्या मालकीच्या चालीचे सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना आणि बेसूर सादरीकरण त्वरित थांबवावे.

"बेसूर?" धारवाल्याचा सासरा खाटेवर ताडकन उठून बसला. मूळ आरोळी त्याची. जावयाला धंद्याबरोबर त्यानेच दिलेली. "अरे, त्यांच्या जन्माआधीपासून ओरडतोय मी!"

"बाबा, तुम्ही पडून राहा बरं," धारवाल्याची बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही कोर्टात जाऊन पाल्हाळ लावू नका. विचारलं तेवढंच सांगा."

त्याने नेमके पाल्हाळ लावले.

"चाल सासऱ्यांची, साहेब. शेवटचा 'हो' तेवढा माझा. इमारती उंच झाल्या, आवाज वर पोचेना, म्हणून मी तो जोडला."

कंपनीच्या वकिलांचा चेहरा उजळला. "म्हणजे चाल तुमची नाही, हे तुम्हीच मान्य करता?"

"सासऱ्यांची आहे म्हटलं ना."

"त्यांनी नोंदवली होती?"

"नोंदवायला थांबले असते तर गिऱ्हाईक गेलं असतं, साहेब."

निकाल अत्यंत न्याय्य लागला. चाल कंपनीची. 'हो' मात्र गाण्यात नसल्यामुळे धारवाल्याचा, आणि त्यावरचा त्याचा हक्क अबाधित.

दुसऱ्या दिवसापासून तो गल्लीत फक्त "होऽऽ" ओरडत फिरू लागला. पहिल्या दिवशी एका बाईंनी कळवळून पाणी आणून दिले. नंतर वॉचमनने, दुखत असेल तर दवाखाना पलीकडे आहे, असे सांगितले. सुरी कोणीच आणली नाही. बायकोने सायकलला पाटी लावून दिली, पण ती वरच्या मजल्यांवरून वाचता येईना. घंटा बांधली, तर ती एका आइस्क्रीमवाल्या कंपनीची निघाली. घरात डब्यांचे तळ दिसू लागले. सासऱ्याने बोलणेच सोडले, न जाणो, तेही कोणी नोंदवले असेल.

शेवटी धारवाल्याने संगीतकारांना जिन्यात गाठले. ते हळहळले. "मी कलावंतांच्या बाजूनंच आहे हो, पण कंपनीपुढं माझं काय चालतं? बरं झालं भेटलात मात्र. आमची सुरी पार बोथट झालीय. हल्ली येत नाही तुम्ही."

"रोज येतो की, साहेब."

"मग आवाज देत जा ना!"

धारवाल्याचे डोके फिरले. काय व्हायचे ते होवो म्हणून दुसऱ्या सकाळी त्याने इमारतीखाली उभे राहून सासऱ्याची अख्खी आरोळी घातली, शेवटच्या 'हो'सकट. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. पुन्हा घातली. तिसऱ्यांदाही घातली.

इमारतीतल्या एकूण एक माणसाने खिशातून फोन काढला, कोणाचाच वाजत नाही असे पाहिले आणि परत ठेवला. मीही ठेवला. खाली कोणीच गेले नाही, आणि थोड्या वेळाने सायकल ढकलत नेल्याचा आवाज आला.

हसताय? हसा. मग जरा स्वयंपाकघरात जा आणि आपल्या सुरीच्या धारेवरून बोट फिरवून बघा. खुशाल फिरवा, काही होणार नाही.