मोजलेल्या भाकऱ्या

उमेश मास्तरांनी ताटाकडे पाहिलं, वहीत एक रेघ ओढली आणि पेन पुन्हा खिशाला लावलं. ताट त्यांच्या बापाचं होतं. बापाने नुकतीच तिसरी भाकरी मोडली होती.

आता कुणी म्हणेल, शिकलासवरलेला माणूस हा, बापाच्या ताटावर नजर कशी ठेवतो? मास्तरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मी नजर ठेवत नाही, निरीक्षण करतो. डी.एड. झालेल्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो.

झालं होतं असं की जव्हारला विज्ञान प्रदर्शन होतं आणि हेडमास्तरांनी ठणकावून सांगितलं होतं, "मास्तर, यंदा ज्वालामुखी नको. तीन वर्षं आपण ज्वालामुखी नेतोय. पर्यवेक्षकसाहेब आता लांबूनच हात जोडतात. काहीतरी जिवंत न्या!"

मास्तरांनी विषय घेतला 'अन्नापासून ऊर्जा'. माणूस जेवतो, अन्न पोटात पचतं, रक्तातून अंगभर जातं, तिथे ते जणू मंद जळतं आणि त्यातून हातपाय हलवायची ताकद मिळते. किती खाल्लं की किती काम होतं, याचा तक्ता करायचा. त्यासाठी पाहिजे एक जिवंत माणूस, जो भरपूर काम करतो आणि समोर बसून जेवतो. नेमका त्याच आठवड्यात बाप सूर्यमाळहून खाली खोडाळ्याला आला. नागली, म्हणजे नाचणी, झोडून झाली की तो दरवर्षी डोक्यावर नागलीचं पोतं घेऊन यायचा आणि होळीपर्यंत पोराकडे राहायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. वर्षातले हे दोन महिनेच काय ते त्याला माणसांत जेवायला मिळायचं. गाव त्याला जिव्या म्हणायचं आणि त्याच्या पोराला मास्तर.

पहिल्या दिवशी वहीत लिहिलं गेलं: सकाळी पेज, दिवसभरात भाकऱ्या चार, उडदाची आमटी, सुकट. काम: लाकडं फोडणे दोन तास, पाणी भरणे सहा खेपा. आकडे छान जमले. मास्तर खूश.

दुसऱ्या दिवशी जिव्याने वही पाहिली. त्याला वाचता येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या. भाकरी घेतली की रेघ, भाकरी घेतली की रेघ. जिव्याच्या घरी पाहुणा जेवायला बसला की जिव्या दाराकडे तोंड करून बसायचा. "बघला का मानूस अर्ध्या पोटी उठतो," असं म्हणायचा. त्याच घरात वाढलेल्या मास्तरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तक्ता डोक्यात शिरला की बाकीचं बाहेर पडतं, त्याला कोण काय करणार!

त्या दिवशी जिव्या तीन भाकऱ्यांवर उठला.

"बा, झालं एवढ्यात?"

"पोट भरला, मास्तर."

आजवर बापाने त्यांना कधी मास्तर म्हटलं नव्हतं. हे मास्तरांच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी लिहिलं, 'भूक कमी. कारण: थंडी?' मग आठवलं की थंडीत भूक वाढते, म्हणून ते खोडलं.

तिसऱ्या दिवशी भाकऱ्या अडीच, चौथ्या दिवशी दोन. आणि काम? काम वाढतच चाललं. खाल्लेल्या भाकरीला आपण जागतो, हे दाखवायला जिव्याने घरची लाकडं संपवली. मग शाळेची फोडली. मग शेजारच्या रखमीचं एक वाळलेलं आंब्याचं खोड दोन वर्षं अंगणात पडलं होतं, तेही दुपारभर बसून फोडलं. मास्तर झाडाखाली खुर्ची टाकून मिनिटं लिहीत होते.

हेडमास्तरांनी वही पाहिली आणि चष्मा पुसला. "खातो निम्मं आणि काम दुप्पट? अहो, असा माणूस असता तर देशाचा धान्याचा प्रश्नच मिटला असता! तुमचं मापात चुकतंय कुठेतरी. भाकरी वजन करून घ्या."

मास्तरांना पटलं. भाकरी लहानमोठी होते, नुसती रेघ ओढून कसं चालेल? संध्याकाळी त्यांनी किराणा दुकानातून तागडी आणली आणि चुलीजवळ धरली. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात भाकरी. जिव्या हात धुऊन ताटासमोर बसला होता. पारडी वर-खाली होत होती आणि भाकरी गार होत होती. चंद्रकला, मास्तरांची बायको, म्हणाली, "अहो, त्यांना जेवू तर द्या." मास्तर म्हणाले, "थांब गं, पाच ग्रॅम जास्त भरतेय," आणि त्यांनी कडेचा तुकडा मोडला.

नेमकी तेव्हाच रखमी तिच्या अंगणात राहिलेली कुऱ्हाड परत द्यायला आली. तिने दारातून हे पाहिलं, कुऱ्हाड उंबऱ्याशी ठेवली आणि काही न बोलता निघून गेली. रखमी काही न बोलता गेली, इथेच मास्तरांनी घाबरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हातपंपावर सात बायका होत्या.

"काय गं चंद्रकला, नागली कुनाची?" रखमीने मोठ्याने विचारलं.

"बाबांची. तेच घेऊन आले."

"लाकडा कुनी फोडली?"

"बाबांनी."

"पानी कोन भरतं?"

"रोज बाबाच भरतात. आजच मी आले."

"मंग मास्तर काय जोखतं गं तागडीत?"

चंद्रकलेचा हंडा भरून वाहायला लागला तरी तिचा हात पंपावरच होता. ती घरी आली ती डोळे पुसतच. "सगळं गाव म्हणतंय, मास्तर बापाच्या भाकऱ्या मोजतो. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही!"

मास्तर हसले. हो, हसले! "अगं, अडाणी लोक. त्यांना विज्ञान काय कळणार? बाला मी नीट समजावतो."

आणि त्यांनी खरंच समजावलं. रात्री तक्ता भिंतीला टांगला आणि पट्टी हातात घेतली. "बा, हे बघ. ही निळी पट्टी म्हणजे तू खाल्लंस ते. ही लाल म्हणजे तू केलेलं काम."

जिव्याने निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. "म्हंजे मी काय खाल्ला ता समदा लिवला हाय?"

"समदं!" मास्तर अभिमानाने म्हणाले. "एक तुकडा सुटलेला नाही."

जिव्याने मान हलवली. "हुशार झालास, मास्तर."

सकाळी त्याचं अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं होतं. चंद्रकलेला तो उजाडताच सांगून गेला होता की गुरांना बघायला पाहिजे.

"पण गुरं तर दोन वर्षांमागेच विकली," मास्तर म्हणाले.

"मला ठाऊक आहे," चंद्रकला म्हणाली. "पेज घ्या म्हटलं, तर पोट भरलंय म्हणाले." नागलीचं पोतं तो तिथेच ठेवून गेला होता. अंगणात लाकडांची रास वळचणीला टेकली होती.

मास्तरांना वाईट वाटलं. पण प्रदर्शन परवावर आलं होतं, आणि माणूस वाईट वाटणं पुढे ढकलतो तसं त्यांनी ते ढकललं.

जव्हारला तक्ता झकास दिसत होता. खाली लिहिलं होतं, 'नमुना: श्री. जिव्या, वय अंदाजे ६५, सूर्यमाळ.' पर्यवेक्षकसाहेब आले, ज्वालामुखी नाही हे पाहून हसले आणि मग जवळ येऊन वाकले.

"मास्तर, निळी पट्टी रोज लहान होतेय, लाल वाढतेय. मग वरची ऊर्जा आली कुठून?"

मास्तरांना उत्तर पाठ होतं. "साठलेल्या चरबीतून, साहेब. अन्न कमी पडलं की शरीर चरबी जाळतं."

"बरं. आणि चरबी नसेलच तर?"

"तर स्नायू झिजतात, साहेब. शरीर स्वतःलाच..." आणि मास्तर थांबले. बापाच्या अंगावर चरबी कुठे होती? आंब्याचं खोड फोडताना त्याच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. तेवढ्या मात्र मास्तरांनी मोजल्या नव्हत्या.

"स्वतःलाच काय?" साहेबांनी विचारलं.

"खातं, साहेब," मास्तर म्हणाले.

तक्त्याला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला मोखाड्याच्या एका शाळेच्या ज्वालामुखीला गेला. बक्षीस घ्यायला हेडमास्तर एकटेच मंचावर चढले, कारण मास्तर खोडाळ्याच्या एसटीत बसले होते.

खोडाळ्याला उतरून ते घरीही गेले नाहीत, सूर्यमाळची वाट धरली. सकाळपासून पोटात चहापलीकडे काही नव्हतं. अर्ध्या चढावर पाय लटपटायला लागले. ही वाट बाप डोक्यावर पोतं घेऊन उतरला होता, दरवर्षी उतरत होता, आणि आपण तागडी आणली! मास्तरांना रस्त्यातच रडू आलं. कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

दिवस बुडताना ते दारात पोचले. जिव्या चुलीपाशी होता. त्याने पोराकडे वर-खाली पाहिलं.

"जेवलास का?"

"नाय, बा." शाळेतली भाषा कुठे गेली कोण जाणे. "बा, माझा चुकला."

"आदी जेव." जिव्याने भाकरीची टोपली आणि सुकटीची चटणी पुढे सरकवली.

"तू?"

"मी मघाशीच जेवलो." आणि तो उठला, उंबऱ्यापाशी गेला, दाराकडे तोंड करून बसला. "खा, पोरा. मी बघत नाय."

उमेश खात सुटला. किती खाल्ल्या ते त्याला कळलं नाही. शेवटी टोपलीत हात घातला तर बोटं बांबूला लागली. बापाचं ताट भिंतीला कोरडं ठणठणीत उभं होतं. मघाशी जेवला म्हणे!

"अजून एक घे की," जिव्या पाठमोराच म्हणाला.

उमेशने डब्यातलं पीठ काढलं, मळलं, दोन भाकऱ्या थापल्या. एकीच्या कडा चिरल्या, दुसरी काळी पडली. त्या बापाच्या ताटात वाढल्या, बापाला हाताला धरून चुलीपाशी बसवलं आणि आपण उंबऱ्यावर जाऊन बसला, बाहेर तोंड करून.

"जेव, बा. मी बघत नाय."

मागे भाकरी मोडल्याचा आवाज आला. एक घास. मग दुसरा. तिसरा... आणि उमेश मास्तरांनी घाईघाईने दोन्ही कानांत बोटं घातली.