भैरू सुतारानं मिटवलेला कोपरा

आमच्या गावात दाराच्या चौकटीचा कोपरा नीट मिटला नसेल, तर त्या फटीतून घरातलं माणूस निघून जातं. फट नखाएवढी असली तरी पुरते. माणूस चौकटीला टेकून उभं राहतं, जरा कडेनं वळतं, आणि मग नसतं. गेलेलं कोणी परत आलेलं नाही.

भैरू सुताराची बायको शालन अशीच गेली. भाकरी थापून झाल्यावर ती हात पुसत दारात आली, एवढंच भैरूनं पाहिलं. भांडण झालेलं नव्हतं. चौकट भैरूनंच केलेली होती.

माणसं फार जायला लागली तेव्हा ग्रामपंचायतीनं ठराव केला. प्रत्येक दाराला नवी लाकडी पट्टी बसवायची आणि वरचे दोन्ही कोपरे पंचेचाळीस अंशात कापून बिनफटीचे जुळवायचे. काम भैरूकडे आलं.

पहिल्या घरी त्याला जमेना. पट्ट्या लांब. एक टोक करवतीखाली धरलं की दुसरं खाली लोंबायचं आणि काप केसभर तिरका जायचा. एक कोपरा जुळला की दुसरा उघडा राहायचा. पुन्हा कापावं तर पट्टी आखूड पडायची. त्या घरची म्हातारी हे सगळं बघत दारात बसली होती. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

मग भैरूनं अंगणात लाकडी घोड्या ओळीनं मांडल्या, पाण्याच्या नळीनं त्यांची उंची सारखी केली, म्हणजे पट्टी लोंबणार नाही. करवत डगमगू नये म्हणून तिरक्या खाचेचा साचा केला. टोकाला ठोकळा ठोकला. पट्टी ठोकळ्याला भिडवायची आणि करवत खाचेतून चालवायची. आता पहिली पट्टी जशी निघे तशीच पुढची निघू लागली. घरामागून घर मिटत गेलं. त्यानं स्वतःचं तेवढं उघडं ठेवलं.

सरपंच आक्काताई त्याच्याकडे आल्या. ठराव सगळ्या गावासाठी आहे, असं त्यांनी सांगितलं.

"शालनला यायचं झालं तर कुठनं येईल, आक्का?"

"आजवर कोणी आलंय का?"

"वाट कुठं ठेवलीय कुणी?"

आक्काताईंनी यावर विचार केला आणि त्याला थोडी मुदत दिली.

पण गावात आता एकच फट उरली होती. लोक भैरूच्या अंगणात येऊन बसू लागले. दत्तोबा नाईकवडे धुतलेलं धोतर नेसून आले, चहा घेतला आणि गेले. बाकीचे हळू आवाजात बोलत, ज्याला घाई असेल त्याला पुढं जाऊ देत. भैरू कोणाला अडवत नव्हता. अडवायला काही सुचत नव्हतं.

एके दुपारी शेजारची सून कुसुम आली. पोराला पाळण्यात निजवून आली होती. भैरू पहिल्यांदाच दारात आडवा उभा राहिला. परत यायचं ठरवून जातीयस का, असं त्यानं विचारलं.

"ठरवत बसलं तर जाता येत न्हाई, मामा," ती म्हणाली.

तो बाजूला झाला. संध्याकाळी पोर उठलं, ते साऱ्या आळीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी भैरूनं आपल्या दाराची जुनी चौकट उपसून चुलीत घातली आणि नवी बसवली. तिच्यावर लावायच्या पट्ट्या कापल्या. आयुष्यात इतका चांगला काप त्याच्या हातून निघाला नव्हता. एका पट्टीतल्या लाकडाच्या रेषा दुसरीत तशाच पुढं गेल्यासारख्या दिसत होत्या. खिळे ठोकून त्यानं कोपऱ्यावरून हात फिरवला, तेव्हा लाकडाच्या आतून शालन म्हणाली,

"अहो, मी आलीय. फट कुठं गेली?"

भैरूनं पहारीनं पट्ट्या उचकटल्या. त्या निघाल्या, पण कोपरा सुटला नाही, अखंड हातात आला. त्यानं तो मांडीवर घेतला, करवत घेतली आणि सांधा शोधू लागला. सांधा दिसेना. नखाला लागेना.

"तू कुठल्या अंगाला हाईस?"

"मला इथं अंगच कळत न्हाई."

"मग करवत कुठनं घालू?"

तिनं उलट विचारलं, कुसुमचं पोर दूध घेतंय का. कुसुम तिकडं शालनच्या शेजारीच होती, तिला स्वतः विचारवत नव्हतं.

भैरूनं करवत खाली ठेवली. थोडं थोडं घेतंय, म्हणाला.

आक्काताई तपासणीला आल्या तेव्हा तो तसाच बसलेला होता. त्यांनी कोपरा उजेडात धरून पाहिला, आतलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काम मंजूर आहे, म्हणाल्या, आज दिवस मावळायच्या आत पट्टी जागेवर लागली पाहिजे. भैरूनं ती लावली.

कोपरा उंचावर आहे. कुसुमचा नवरा दुपारी पोराला घेऊन येतो तेव्हा भैरू त्याला चढायला स्टूल देतो आणि ते हलू नये म्हणून खाली धरून उभा राहतो.