ताण हाय का?

भिंत टिकली तरच आतला जीव टिकतो, आणि भिंत टिकवणारे नेहमी तिच्या बाहेरच्या अंगाला उभे असतात. हे वाक्य आमचे शेजारी शेटे सर यांचं. ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं, माझ्या तोंडात ब्रश होता, आणि आमच्या सामाईक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सर स्वतः उभे होते. त्यांनी भिंतीवर तळहात आपटला आणि विचारलं, "ताण हाय का?"

तेव्हापासून रोज विचारतात.

शेटे सर इथंच, केजला, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. दारावर पाटी आहे : 'आंतरराष्ट्रीय यीस्ट अभ्यासक'. यातलं आंतरराष्ट्रीय म्हणजे ते एकदा हैदराबादला जाऊन आले. त्यांचं सांगणं असं : पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीभोवती साखरेच्या धाग्यांची भिंत असते. तिच्या पृष्ठभागावर प्रथिनं असतात. त्यातली काही ते धागे एकमेकांत विणत राहतात, काही नुसती चाचपत बसतात. ताण जाणवला की ती आत खबर देतात, मग पेशी भिंत जाड करते. मी कापडाचा दुकानदार, तरी मला हे तोंडपाठ आहे. माझ्या गिऱ्हाइकांनाही आहे. एकदा स्टँडसमोर व्याह्यांना मिसळ खाऊ घालत होतो, तर सरांनी त्यांच्या ताटलीतला पाव उचलला आणि विचारलं, "किती जिवांच्या भिंती पडल्यात ह्यात, कल्पना हाय का?" व्याह्यांनी उरलेली मिसळ चमच्यानं संपवली.

दोन अंगणांमधली ती भिंत जुनी. मधोमध पोट सुटलेलं. मी मिस्त्री बोलावला. पाडून डोक्याच्या वर न्यायची ठरवली. माझा हेतू केवळ बांधकामाचा नव्हता. सर भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"कावून पाडता शेठ? पेशी कधी भिंत पाडून बांधती का? चालू ठेवूनच दुरुस्त करती."

"सर, इटा हायत त्या," मिस्त्री म्हणाला. "त्यांला काय कळतंय?"

"तुला तरी कळतंय का बे?"

मिस्त्री थापी घेऊन निघून गेला.

आणि माझी बायको! ती स्वयंपाकघरातून रोज उत्तर द्यायची, "न्हाई सर, ताण न्हाई."

"तू उत्तर देतेस म्हणून ते विचारतात," मी वैतागून म्हटलं.

"उत्तर मिळेस्तोवर ते चहा ठेवत न्हाईत," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात चुलत्यांना बरं नाही म्हणून आम्ही पहिल्याच गाडीनं दिंद्रुडला गेलो. दुपारी परतलो तर भिंत आमच्या अंगणात आडवी, आणि विटांच्या ढिगावर सर बसलेले. घोटा टम्म सुजलेला. सकाळी त्यांनी विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग सत्तरी ओलांडलेला हा माणूस भिंतीवर चढला, आणि भिंतीनं इतक्या दिवसांचा ताण एकदाच कळवला.

"अहो, फाटकाला कुलूप होतं! ते बघायचं ना आधी!" मी ओरडलो.

"मला वाटलं, आत कुणी पडलंय."

"कोण पडणार?"

सर एका विटेवरची माती अंगठ्यानं काढत राहिले. "तुमी इथं ऱ्हायला यायच्या आधी आमची ही पडली, तवा मी घरातच हुतो. हाका मारत हुती म्हणं. पलीकडच्या गल्लीत ऐकू गेल्या. मी सूक्ष्मदर्शकात भिंत बघत हुतो."

माझ्या तोंडात आणखी बरंच काही तयार होतं. बायको माझ्याकडं न बघता आत गेली आणि तिनं चहा ठेवला.

मिस्त्रीची मनधरणी करून नवी भिंत घातली. डोक्याच्या वर, ठरल्याप्रमाणे. फक्त तोंडाच्या उंचीवर दोन विटा मीच गाळायला सांगितल्या. मिस्त्रीनं कारण विचारलं तेव्हा, हवा खेळावी म्हणून, असं सांगितलं. आता प्रश्न तिथून थेट आत येतो. बायको कामात असली की "नाही" मी म्हणतो, आणि पलीकडं भांड्याचा आवाज येईपर्यंत ब्रश हातात धरून थांबतो.

सर त्या भोकाला पृष्ठभागावरचं प्रथिन म्हणतात. गल्लीतला बोका रोज त्यातून येतो आणि आमचं दूध पिऊन जातो.