पोपटावर फिरवलेला हात

पाहुणे येणार म्हणून आपणही आवराआवरीला हातभार लावावा, असं त्या रविवारी माझ्या मनात आलं. (माझ्या मनात असं काही आलं की बायको आधी काचेचं सामान हलवते.)

मला जुन्या ब्राँझच्या चिमुकल्या रंगीत पशुपक्ष्यांचा नाद आहे. त्यांचा रंग भट्टीत भाजून पक्का केलेला नसतो; कारागिराने तो थंड धातूवर ब्रशने नुसता चढवलेला असतो. तो मूळ रंग शाबूत असेल तरच त्या वस्तूला मान. हे मी घरात इतक्यांदा ऐकवलंय की आमच्याकडे मुक्कामाला असलेल्या सासूबाईसुद्धा ते मांडलेल्या कपाटासमोरून श्वास रोखून जातात.

येणार होते आमच्या संग्राहक मंडळाचे अध्यक्ष, कॅप्टनसाहेब. त्यांना माझा ब्राँझचा हिरवा पोपट पसंत पडला तर तो मंडळाच्या प्रदर्शनात जाणार होता. आजवर त्या प्रदर्शनात मी फक्त खुर्च्या मांडत आलोय, त्यामुळे माझा सगळा जीव त्या पोपटात अडकला होता.

पोपटाच्या पोटावर जरा धूळ दिसली. ओल्या फडक्याने हलकासा हात फिरवावा, एवढाच माझा विचार. धूळ हटेना, म्हणून भांड्यांच्या साबणाचा थेंब घेतला. फडकं हिरवं झालं. बापरे, काय धूळ बसलीय, असं म्हणत मी आणखी जोर लावला.

"अगं, जरा इकडे ये!"

"काय फोडलंत?"

"फोडलं नाही गं. धुतलं."

गळ्यापासून शेपटीपर्यंत पोपट घासलेल्या भांड्यासारखा लखलखत होता.

"अहो, पण याला पाणी लावायचं नसतं ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. रोज."

मला रडूच यायचं बाकी होतं. बायकोला दया आली. तिने आपले जलरंग काढले आणि पोपटाचं पोट असं काही रंगवलं की मीच फसलो असतो. तेवढ्यात बेल वाजली.

कॅप्टनसाहेबांनी पोपट अलगद उचलला, पोटाखाली अंगठा धरला. "वा! रंग कसा, कालच दिल्यासारखा!" असं म्हणून त्यांनी समाधानाने मिशीवर अंगठा फिरवला. चहा घेऊन आलेल्या सासूबाई जागीच थबकल्या.

"अगंबाई! साहेब, तुमची मिशी हिरवी झाली!"

मी सगळं कबूल केलं. कॅप्टनसाहेब आरशात मिशी बघून आले आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले.

"पोपट प्रदर्शनात येणार," ते म्हणाले. "अगदी मधल्या टेबलावर! जुन्या वस्तू कशा साफ करू नयेत, हे लोकांना कळायला नको? शेजारी तुम्ही उभे राहा, समजावून सांगायला."

अपमान होता, पण मधल्या टेबलावरचा होता. मी नवा सूट शिवला, केस घरीच काळेभोर करून घेतले. प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी माझ्यापाशी. आत पंखा पुरेना, पण मी रंगात आलो होतो. "मंडळी, वरून लावलेल्या रंगाचा कधी भरवसा धरू नये. नुसत्या घामानेही तो..."

पहिल्याच रांगेतून सासूबाईंनी रुमाल पुढे केला.

"जावईबापू, घासू नका हं, नुसतं टिपा. कानामागून निघालेला ओघळ कॉलरपर्यंत आलाय."