मरळाच्या जेवणाची व्यवस्था

शाहूपुरीतल्या सात्त्विक रेसिडेन्सीच्या फाटकावर एक पितळी पाटी आहे: 'ही इमारत शुद्ध शाकाहारी आहे.' इमारतीबद्दल हे विधान शंभर टक्के खरं होतं. भिंती, लिफ्ट, पाण्याची टाकी, यांतलं कुणीही आजवर मांसाहार करताना आढळलेलं नव्हतं. राहणाऱ्या माणसांबद्दल पाटीचं काही म्हणणं नव्हतं. कुणी जागा बघायला आलं की सोसायटीचे अध्यक्ष बाळासो एवढंच विचारत, "घरात करता?" समोरच्याने कानाच्या पाळ्यांना हात लावून "घरात? छे, छे" म्हटलं की बोलणी पुढे सरकत.

दुसऱ्या मजल्यावर वीरेश राहायचा. पंपांच्या सुट्या भागांचं दुकान, बायको सौंदर्या, आणि आई दानम्मा. दानम्मांनी उभ्या आयुष्यात अंड्याला बोट लावलेलं नव्हतं. केकसुद्धा आधी हुंगून मग दुसऱ्याला देऊन टाकायच्या. पंच्याहत्तरी ओलांडली तरी सुईत दोरा बिनचष्म्याने ओवत आणि गच्चीवरून समोरच्या बसची पाटी वाचून दाखवत. इमारतीत पाटीप्रमाणे जगणारं माणूस ते एकच होतं, पण त्यांनी तो मुद्दा कधी काढला नाही.

वीरेश एकदा मोटार बसवून द्यायला राधानगरीकडे गेला होता. काम झाल्यावर जोतीराम नावाच्या शेतकऱ्याने ओढ्यात धरलेला एक जिवंत मरळ मासा बादलीत घालून त्याच्या गाडीत ठेवला. हातभर लांब, काळपट, डोकं सापासारखं. "न्या की पावणं," जोतीराम म्हणाला, "तुमी खातासा, म्हाईत हाय मला." राधानगरीत वीरेशने हे नाकारलं नाही. तिथवर पाटीची हद्द पोचत नव्हती. येताना वाटेत एका मित्राच्या मळ्यावर बादली उतरवायची आणि रविवारी पातेल्याभोवती बसायचं, असा त्याचा साधा बेत होता. पण मित्र गावाला गेलेला. बादली घेऊन घरी यावं लागलं, आणि दानम्मा नेमक्या पार्किंगमधल्या बाकावर बसलेल्या होत्या.

त्यांनी बादलीवरचं फडकं उचललं. "जित्ता हाय की रे ह्यो."

"वाचवला, अव्वा," वीरेश म्हणाला. "कापायला निघाले होते." कोण निघालं होतं, ते सांगायचं त्याने टाळलं.

दानम्मांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथल्या तिथे लेकाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मग दारोदार जाऊन सांगितलं की माझ्या लेकानं एक जीव सोडवून आणला. सचिव पद्मजाबाईंनी ग्रुपवर 'सात्त्विक परिवाराला अभिमान' असा मजकूर टाकला. कोल्हापुरात एवढ्यावर भागत नाही. दुसऱ्याच दिवशी पार्किंगमध्ये सत्कार झाला. वीरेशला शाल, श्रीफळ आणि फेटा मिळाला, बादलीला हार घातला गेला, आणि बाळासोंनी भाषणात मरळाला 'आपल्या परिवाराचा नवा सदस्य' म्हटलं. ज्याचा सत्कार झालाय त्याचा रस्सा करता येत नाही. वीरेशने मुकाट्याने काचेची मोठी टाकी आणली, घराच्या ईशान्य कोपऱ्यात बसवली, मासा उडी मारतो म्हणून झाकणावर पाटा ठेवला. दानम्मा त्याला पावणा म्हणू लागल्या.

पावणा काही खाईना. भिजवलेली चपाती, पनीर, सोयाबीन, दुकानातले माशांचे दाणे, सगळं टाकीच्या तळाशी कुजलं. तो मधूनमधून वर यायचा, तोंड उघडून हवा घ्यायचा आणि पुन्हा तळाला जाऊन पडायचा. दानम्मांनीही जेवण टाकलं. घरी आलेलं पावणं उपाशी असताना आपल्या घशाखाली घास उतरत नाही, असं त्यांनी सुनेला बजावलं. आई सुकत चालली तसा वीरेश घाबरला. शेवटी तो मासेवाल्याकडून पिशवीत पाणी भरून बारकी जिवंत मासळी घेऊन आला. आईला काय सांगावं हे त्याला कळेना. दानम्मांनी पिशवीकडे पाहिलं, भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला टाकीत सोडू दिली. क्षणभर पाणी खवळलं, मग शांत झालं.

"त्याचं त्ये खातंय," त्या म्हणाल्या. "मी न्हाय खात म्हणून त्यानं का मरायचं?" आणि भाकरी वाढायला सांगितली.

प्रश्न इथे सुटला असता. पण सुटलेला प्रश्न सोसायटीच्या दृष्टीने बेकायदा असतो. पिशवी घेऊन लिफ्टमधून येताना वीरेश पद्मजाबाईंना दिसला होता, आणि पिशवीत हालचाल होती. तातडीची सभा बोलावण्यात आली. बाळासो एका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. सभेत ते कार्यालयातली भाषा बोलत. त्यांनी मांडलं की सदर मासा हा पाळीव प्राणी असता तर नियम मूक असते. परंतु जाहीर सत्कारात त्यास परिवाराचा सदस्य संबोधण्यात आले असल्याने सदस्यांचे सर्व निर्बंध त्यास लागू होतात. नागरिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक अंबादास यांनी पुस्ती जोडली की माणसाची पारख जातीवर करू नये, आहारावर करावी. म्हणजे मरळ हा जन्माने मासा असण्याला हरकत नाही, त्याने घरात मासे खाण्याला आहे. हा विचार पुरोगामी असल्याने टाळ्या पडल्या.

जिवंत मासळी बंद करून माशाला सुधारायची संधी द्यायची ठरली. आहार परिवर्तन उपसमिती नेमली गेली. अंबादास आणि पद्मजाबाई संध्याकाळी येऊन टाकीसमोर खुर्च्या टाकून बसत, सौंदर्याच्या हातचा चहा घेत, आणि पनीरचे तुकडे सोडत. अंबादास त्याला राजगिऱ्याचे गुण समजावून सांगत. मरळ हवा घ्यायला वर आला की उपसमिती टिपून ठेवी: 'सदस्याने तोंड उघडले. आवड निर्माण होत आहे.' नोंदीची ही पद्धत अंबादासांनी शाळा तपासणीच्या काळात आत्मसात केलेली होती. इकडे मासा बरगड्या मोजता येतील असा झाला आणि दानम्मांनी पुन्हा ताट सरकवलं. एक दिवस त्या न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन बसल्या.

पुढच्या सभेत वीरेश उभा राहिला. त्याने सांगितलं की मासा मरेल आणि त्याच्या मागोमाग आईही जाईल, तेव्हा काय तो निकाल द्या. बाळासोंना खरोखर वाईट वाटलं असावं, कारण त्यांची कार्यालयीन भाषा सुटली.

"आवो, पर घरातच कशाला खायाला पायजे त्येनं?" ते म्हणाले. "भाईर खाऊन या की. कोण नको म्हणतंय?"

सगळे वर पंख्याकडे बघू लागले. सोसायटीच्या स्थापनेपासून सभेत उच्चारलं गेलेलं हे पहिलंच मनापासूनचं वाक्य होतं. पद्मजाबाईंनी प्रसंग ओळखला आणि ते लगेच ठरावात बसवलं: सदर माशाने आपला आहार इमारतीच्या हद्दीबाहेर घ्यावा. परत येण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने तोंड धुवावे. मग सदस्यांनी आपण होऊन सूचना केल्या. कुणी म्हणालं, परतल्यावर लगेच लिफ्टमध्ये शिरू नये, वास कोंडतो. कुणी म्हणालं, पिशव्या बाहेरच टाकाव्यात. बडीशेप असावी, असंही आलं. इतक्या बारीकसारीक सूचना इतक्या झटपट कशा सुचल्या, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

तेव्हापासून वीरेश एक दिवसाआड मरळाला झाकणाच्या बादलीत घालून हातकणंगल्याच्या रस्त्याला नेऊ लागला. तिथे एका जेवणाच्या हॉटेलामागे आडोसा होता. बादलीत मासळी सोडायची, मासा जेवला की पाणी बदलायचं आणि परत फिरायचं. पहिल्या दिवशी मासा बिचकला, नंतर सरावला. पहिल्याच दिवशी वीरेशला कोपऱ्यातल्या टेबलावर पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावलेले अंबादास दिसले. अंबादासांनी वाटी खाली न ठेवता विचारलं, "हवापालट?" वीरेश व्हय म्हणाला. पुढच्या खेपेला फॅमिली रूममध्ये भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पद्मजाबाई होत्या. त्यापुढच्या खेपेला गळ्यात रुमाल बांधून नळी फोडत बसलेले बाळासो. तिथली रीत अशी की एकमेकांना पाठ करून बसायचं, म्हणजे कुणी कुणाला दिसत नाही. मासा जेवतोय तोवर माणसाने नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून वीरेशही बसू लागला. मरळ चांगला भरला. इमारतीतलं वातावरण इतकं खेळीमेळीचं कधीच नव्हतं. लोक जिन्यात अदबीने विचारत, आज पावण्यांना न्यायचंय का.

फक्त दानम्मांचं समाधान होईना. मलाही ने, पावणं जेवताना बघू दे, असं त्या रोज म्हणायच्या. वीरेश कधी रस्ता खराब असल्याचं सांगे, कधी धुळीचं. एका रविवारी तो खाली उतरला तर दानम्मा आधीच गाडीत बसलेल्या होत्या, पायांत बादली धरून.

हॉटेलाशी पोचल्यावर वीरेशने त्यांना गाडीतच बसायला सांगितलं आणि मासळी आणायला तो पलीकडे गेला. परत आला तेव्हा दानम्मा बादली कडेवर घेऊन हॉटेलाच्या मधोमध उभ्या होत्या. रविवार असल्याने इमारत जवळजवळ पूर्ण हजर होती. पाठी करून बसलेले सगळेच्या सगळे एकदम दिसतील अशी तीच एक जागा होती.

"समदी हितंच हायसा व्हय," दानम्मा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, ओळखीची माणसं भेटल्याचा आनंद होता. त्या एका खुर्चीवर टेकल्या आणि आपल्यापुरता दहीभात मिळेल का, असं विचारलं. तेवढ्यात वेटर आला. त्याने वीरेशकडे बघून न विचारताच मटणाचं ताट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, आज नळी वेगळी काढून ठेवलीय तुमच्यासाठी."

दानम्मांनी ताटाकडे पाहिलं. मग बादलीकडे पाहिलं. दहीभात आला, तो त्यांनी सगळा खाल्ला, कारण अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. परतीच्या वाटेवर त्या पायांतली बादली सांभाळत बसल्या. आईने शिव्या घालाव्यात, एखादी थोबाडीत द्यावी, असं वीरेशला गाडी चालवताना सारखं वाटत होतं. तिने ते केलं असतं तर तो रडला असता आणि मोकळा झाला असता.

त्याच आठवड्यात दानम्मा आयुष्यात पहिल्यांदा तळमजल्यावरच्या खोलीत सोसायटीच्या सभेला आल्या आणि विषयपत्रिकेत नाव नसताना उभ्या राहिल्या.

"मी बघितलंय," त्या म्हणाल्या. "समदी खातासा. खावा की, माझं काय म्हणणं न्हाय. पर मग त्या पावण्याला घरात खाऊ द्या. बादलीत हिंदकळून हिंदकळून जीव जातोय त्याचा. आन् ती पाटी तेवढी काढा."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. आरोप खोडून काढता येत नव्हता आणि मान्यही करता येत नव्हता. अशा वेळी शिक्षण कामी येतं. अंबादास उठले आणि त्यांनी अत्यंत आदराने दानम्मांच्या वयाचा उल्लेख केला. पद्मजाबाईंच्या पेनाने गती घेतली. ठराव असा झाला: श्रीमती दानम्मा यांना दोन्ही डोळ्यांस मोतीबिंदू असून त्यांनी जे पाहिले ते पाहिले असे समजण्यात येऊ नये. सोसायटी त्यांच्या डोळ्यांच्या आरोग्याबद्दल चिंता व्यक्त करीत आहे. सदर मासा आजारी असल्याने त्यास मानवतेच्या भूमिकेतून घरात आहार घेण्याची सवलत देण्यात यावी. पाटी कायम राहावी.

हात वर झाले. एक सोडून सगळे. सगळ्यांनी वीरेशकडे पाहिलं.

वीरेशला आईचे डोळे आठवले. गेल्याच पंधरवड्यात तिने त्याच्या शर्टाला बटण लावून दिलं होतं. बाळासो त्याच्याकडे वाकले आणि हलकेच म्हणाले, "वीरेश, मासा आईजवळ ऱ्हायाला पायजे न्हवं?" तिच्यासाठीच तर करायचंय, असं वीरेशने स्वतःला सांगितलं. ते अगदी खोटंही नव्हतं. त्याने हात वर केला.

घरी आला तेव्हा दानम्मा टाकीपाशी बसलेल्या होत्या. त्याने सांगितलं की पावण्याला घरात खायची परवानगी मिळाली. त्यांनी मान हलवली. खालच्या खोलीतलं बोलणं जिन्यातून वर येतं, हे त्याच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"हात किती वर झालं रे?" दानम्मांनी विचारलं.

"सगळ्यांचे, अव्वा."

"आसंल," त्या म्हणाल्या. "मला काय दिसत न्हाय आता." आणि त्यांनी टाकीकडे तोंड फिरवलं.

आता वाचकांपैकी ज्यांची खात्री आहे की आपण त्या सभेत असतो तर हात वर केला नसता, त्यांनी कृपया हात वर करावा. इतिवृत्तात 'सर्वानुमते' अशी नोंद घ्यायला पद्मजाबाई थांबल्या आहेत.